सुट्टीतली गर्दी आणि क्लबची पोरं: गोव्यातल्या एका सार्वजनिक स्केटिंग रिंकचं प्रकरण

पार्श्वभूमी

गोव्यातलं एक मध्यम शहर, किनाऱ्यापासून आत. नाव देत नाही, कारण आपल्याकडे गावाचं नाव सांगितलं की अर्ध्या तासात कोणाचा मुलगा, कोणाची मुलगी, आजोळ कुठलं सगळं बाहेर येतं. नगरपालिकेच्या बागेला लागून एक उघडी स्केटिंग रिंक आहे, बर्फाची नाही, चाकांची. साधारण 40 बाय 20 मीटर, म्हणजे रोलर हॉकीला असते त्या मापाची, गुळगुळीत काँक्रीट, चारी बाजूंनी कमरेएवढा लोखंडी कठडा आणि एका लांब बाजूच्या मधोमध फाटक. हॉकी तिथे कधी झाली नाही. तिथे असतो एक क्लब, तीसेक मुलं, लहान मुलं चार चाकांच्या क्वाडवर आणि मोठी एका ओळीत चाकं असलेल्या इनलाइनवर, आणि असतं बाकी सगळं शहर.

आता पावसाचा हिशोब समजून घ्या, नाहीतर हे भांडण एवढं का पेटलं ते कळणार नाही. जून ते सप्टेंबर ही रिंक ओली तरी असते नाहीतर शेवाळलेली तरी, क्लब तेव्हा एका शाळेच्या हॉलमध्ये नुसता व्यायाम करतो, चाकं फिरवायला जागाच नाही. स्पर्धांचा हंगाम पावसाळ्यानंतर. म्हणजे खरी तयारी मे महिन्यापर्यंत उरकायची असते, आणि नेमक्या त्याच मे महिन्यात शाळांना सुट्टी, मुंबई-पुण्याचे पाहुणे आंबे-फणसाला आलेले, आणि संध्याकाळी मुलांना कुठे न्यायचं म्हणून सगळ्यांची पावलं रिंककडे. त्यात 2023 च्या ऑक्टोबरात हांगझोच्या एशियन गेम्समध्ये भारताला रोलर स्केटिंगच्या 3000 मीटर रिलेमध्ये मुलींचं आणि मुलांचं अशी दोन ब्राँझ मिळाली, मुलांच्या टीममध्ये विक्रम इंगळे आणि सिद्धांत कांबळे ही आपली नावं, त्यामुळे घराघरात "आमच्या पोराला पण घाला की" सुरू झालं होतं. फाटकाबाहेर एक गृहस्थ भाड्याने स्केट्स द्यायला बसायचे, लांबी कमीजास्त करता येणारे, पट्ट्याचे, अर्ध्या तासाला 50 रुपये. हेल्मेट नाही, मनगटाचा गार्ड नाही.

क्लबकडे नगरपालिकेचं परवानगीचं पत्र होतं. त्यात "संध्याकाळी सराव करण्यास हरकत नाही" एवढंच, वेळ नाही, बाकीच्या लोकांबद्दल शब्द नाही. या एका ओळीवर सगळे इतकी वर्षं चालले होते, आणि खरं सांगायचं तर चाललं पण होतं, कारण एरवी संध्याकाळी बाहेरची मुलं दहाबाराच असायची.

मी या सगळ्यात एक पालक, माझी मुलगी क्लबच्या लहान गटात. बैठका सुरू झाल्यावर काय ठरलं ते लिहून ठेवायचं काम माझ्या गळ्यात पडलं, म्हणून हे एवढं तपशीलात सांगता येतंय.

अडचण नेमकी कुठे होती

सगळे म्हणायचे "गर्दी". पण गर्दी ही अर्धीच गोष्ट. रिंकवर फिरायची दिशा घड्याळाच्या काट्यांच्या उलटी असते, मधला भाग आपल्या डाव्या हाताला ठेवून, बर्फावर पण तसंच आणि चाकांवर पण तसंच. क्लबच्या मुलांना हे पहिल्या दिवसापासून माहीत. नव्या माणसाला कोण सांगणार? आणि आमच्या रिंकची गंमत अशी की फाटकातून आत आलं की बरोबर दिशा उजवीकडे, पण पालकांचे बाक होते फाटकाच्या डाव्या अंगाला, कठड्याबाहेर, झाडाच्या सावलीत. सात-आठ वर्षांचं मूल पहिल्यांदा चाकांवर उभं राहिलं की ते कुठे जाणार, तर आई बसलीय तिकडे. म्हणजे कठडा धरून डावीकडे, येणाऱ्यांच्या बरोबर तोंडावर.

आणि तो डावा भाग म्हणजे वळण संपून सरळ पट्टी सुरू होते ती जागा. स्पीडवाला स्केटर वळणावर कसा जातो ते बघितलंय का? तो बाहेरून वळणात शिरतो, मधे आतल्या कडेला घासून जातो आणि निघताना परत बाहेर फेकला जातो, वेग टिकवायचा तर दुसरा मार्गच नाही. म्हणजे वळण संपताना तो कुठे असतो, तर कठड्याजवळ. आमची मोठी मुलं त्या रिंकचा एक लॅप, साधारण 100 मीटर, चौदा-पंधरा सेकंदांत मारतात, ताशी 25 किलोमीटर झाले, सेकंदाला सात मीटर. समोर कोणी आलं हे डोळ्यांना दिसून पायांनी काही करेपर्यंत एक सेकंद धरा, तेवढ्यात तो सात मीटर पुढे. आणि रेसच्या इनलाइनला ब्रेक नसतो, हे बाहेरच्या लोकांना माहीतच नसतं, त्यांना वाटतं पोरगं मुद्दाम थांबत नाही.

घटना

मे महिन्यातला शनिवार, साडेसहा वाजून गेले होते. रिंकवर चाळीसच्या वर माणसं. क्लबची चार मोठी मुलं पाच-पाच लॅपचे सेट मारत होती, कोच सर मधे लहान मुलांना घेऊन. पुण्याहून मामाकडे आलेली सात वर्षांची मुलगी भाड्याचे स्केट्स घालून डाव्या कठड्याला धरून उभी. आई बाकावरून उठून फोन वर धरून, "हात सोड ना, हात सोड, फोटो काढते, इकडे बघ."

तिने हात सोडला. वळणातून 14 वर्षांचा मुलगा बाहेर येत होता, त्याला ती दिसली, तो ओरडला "ट्रॅक! ट्रॅक!", क्लबमध्ये याचा अर्थ बाजू दे. मुलीने आवाज आला तिकडे वळून बघितलं, आणि चाकांवर नवा माणूस मान वळवतो तेव्हा अंगही वळतं, ती कठड्यापासून एक पाऊल आत आली. धडक अगदी जोरात नव्हती, त्याने शेवटच्या क्षणी अंग टाकलं होतं, पण ती पुढे हातांवर पडली. मनगटाच्या वरचं हाड गेलं. त्याची हनुवटी आणि कोपर सोलवटलं.

पुढचा अर्धा तास नुसता गोंधळ. प्रथमोपचाराची पेटी क्लबच्या कपाटात, कपाटाची चावी एका पालकाकडे आणि तो पालक बाजारात. मुलीला मामाने स्कूटरवर मधे बसवून नेलं, हात तसाच लोंबता. प्लास्टर पडलं, हाड फारसं सरकलं नव्हतं, महिन्याभरात हात सुटला, हे सुदैव.

रात्रीचं भांडण

रात्री नऊपर्यंत शहराच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कोणीतरी त्या मुलाचा फोटो टाकला, आधीच्या कुठल्यातरी स्पर्धेतला, गळ्यात मेडल असलेला, आणि खाली "हे आपले चॅम्पियन". पुढे काय झालं असेल ते सांगायला नको. एक बाजू म्हणे सार्वजनिक जागा क्लबच्या बापाची आहे का, दुसरी म्हणे तुम्ही फुटबॉलच्या ग्राउंडवर मॅच चालू असताना पोरं सोडता का. मुलीच्या नात्यातले एक जण पोलिसात तक्रार द्या म्हणून मागे लागले होते.

इथे पहिला निर्णयाचा क्षण आला आणि तो कोच सरांनी एकट्याने घेतला. ते त्याच रात्री मामाच्या घरी गेले. क्लबच्या कमिटीतल्या वकील काकांनी त्यांना फोन करून सांगितलं होतं, "सर, आत्ता जाऊ नका, गेलात म्हणजे चूक कबूल केल्यासारखं होईल." सर म्हणाले, पोरीचा हात मोडलाय, मी तिथे होतो, मी बघायला नाही गेलो तर माणूस म्हणून काय राहिलं. गेले, बसले, चहा घेतला, काही वाद घातला नाही. तक्रार झाली नाही. मला वाटतं ती न होण्याचं कारण तेवढंच, पुढच्या सगळ्या बैठका-बिठकांपेक्षा ती रात्रीची चक्कर जास्त कामाला आली.

मुलगा मात्र त्यांच्याबरोबर गेला नाही. त्याच्या आईने पाठवला नाही, आणि त्या रात्रीचं ग्रुपवरचं वातावरण बघता मी तिला नावं ठेवणार नाही. पण चार दिवसांनी, धुरळा बसल्यावर कोणीतरी त्याला घेऊन जायला हवं होतं. ते राहिलं, आणि तो पुढे बरेच दिवस रिंकवर फिरकला नाही.

टेबलावर आलेले पर्याय

तीन दिवसांनी नगरपालिकेच्या छोट्या हॉलमध्ये बैठक. नगरसेवक, कोच सर, क्लबचे पालक, बागेत नेहमी येणारे चार-पाच पालक, स्केट्स भाड्याने देणारे काका आणि बागेचा वॉचमन, जो दाराशी उभा होता आणि ज्याला कोणी काही विचारलं नाही.

मे महिन्यात बाहेरच्यांना बंदी, हा क्लबच्या काही पालकांचा पर्याय, नगरसेवकांनी एका वाक्यात उडवला, सार्वजनिक पैशाने बांधलेली जागा आहे. मे महिन्यात क्लबला बंदी, हा समोरून आला, त्यावर कोच सरांनी पावसाचं गणित मांडलं आणि तोही मागे पडला. पाट्या लावा, यावर सगळ्यांचं लगेच एकमत झालं, आणि ज्या गोष्टीवर लगेच एकमत होतं तिच्याने सहसा काही होत नाही.

मग बोलली एक ताई, इथलीच, पण नोकरीमुळे काही वर्षं दिल्लीकडे राहिलेली, गुरुग्रामच्या मॉलमधल्या आइस रिंकवर स्केटिंग शिकलेली. तिने सांगितलं की बर्फावर हा प्रश्न रोजचा आहे, तिथे तर पब्लिक सेशनला नव्वद टक्के लोक आयुष्यात पहिल्यांदा उभे असतात, बुटांच्या नाड्या पण नीट बांधलेल्या नसतात. तिथली रीत अशी: नवखे कठड्याला, सवयीचे त्यांच्या आतून, मधला गोल गिरक्या आणि शिकवणीसाठी, सगळे एकाच दिशेने, आणि शिट्टीवाला माणूस बर्फावर. पब्लिक सेशनला रेस लावायची नाही, ज्याला जोरात सराव करायचा त्याची वेळ वेगळी.

हॉलमधल्या सगळ्यांनी यातलं पहिलं अर्धं ऐकलं. नवखे कठड्याला, वेगवाले आत. बस, ठरलं.

पहिला प्रयोग आणि तो का फसला

रविवारी खडूने कठड्यापासून तीन मीटरवर रेघ मारली, कोन ठेवले, नवख्यांची पट्टी बाहेर आणि क्लब आत. कागदावर झकास दिसत होतं.

दोन संध्याकाळी लागल्या कळायला. क्लबला उरलेली जागा इतकी अरुंद झाली की वळणं एकदम आवळली, त्या वेगाने ती घेता येईनात, आणि मुलं वळणातून निघताना रेघ ओलांडून नवख्यांच्या पट्टीत यायला लागली. म्हणजे जिथे धडक झाली होती तिथेच, फरक एवढाच की आता तिथे नवखे रांगेने उभे होते. कोन उडत होते, नवखे कोन उचलायला वाकत होते, ते आणखी वाईट. एका काकांनी कोच सरांना सुनावलं, "सर, तुमची पोरं गुरांच्या कळपात सुसाट बस घातल्यासारखी येतात हो." सरांना राग आला पण उत्तर नव्हतं.

ताईने मग थोडं वैतागूनच समजावलं, की बर्फावर कठड्याची पट्टी चालते ती तिथे त्या वेळी कोणी रेसची लाइन पकडत नाही म्हणून. कठड्याजवळून जोरात जाणारा कोणी नसतोच. आपण अर्धा नियम उचलला आणि दुसरा अर्धा सोडला. शॉर्ट ट्रॅकवाले, म्हणजे छोट्या गोलात रेस मारणारे, बर्फावर काय करतात ते बघा ना, त्यांची 60 बाय 30 मीटरची अख्खी रिंक रिकामी असते आणि कठड्याला जाड गाद्या लावलेल्या असतात, कारण वळणातून बाहेर फेकलं जाणं त्यांनी धरूनच चाललेलं असतं.

माझ्या मते प्रकरणाचा सांधा इथे बदलला. तोपर्यंत सगळे "नवख्यांना कुठे ठेवायचं" यावर डोकं चालवत होते. आता प्रश्न झाला की वेग कधी आणि कुठे ठेवायचा.

दुसरी मांडणी

सोमवार ते शुक्रवार संध्याकाळी पावणेपाच ते सहा रिंक फक्त क्लबची, फाटकाला कडी. सहा ते आठ सगळ्यांची. शनिवार-रविवार क्लब फक्त सकाळी. सगळ्यांच्या वेळेत क्लबची मुलं येऊ शकतात, पण लॅप मारायचे नाहीत, मधल्या गोलात तंत्राचं काम करायचं, एका पायावरचं घसरणं, क्रॉसओव्हर म्हणजे वळताना एक पाय दुसऱ्यावरून टाकणं, उलटं चालवणं, जसं बर्फावर मधे गिरक्यावाले करतात. मे महिन्यात पावणेपाचला काँक्रीट तापलेलं असतं, पालक कुरकुरले, मीही कुरकुरले. पण दुसरी वेळ नव्हती.

फाटकाच्या आत जमिनीवर पांढऱ्या रंगाने मोठे बाण काढले. आणि बाक उचलून फाटकाच्या उजवीकडे नेले. हे सुचवलं वॉचमनने, बैठकीत नाही, बाण काढत असताना. तो म्हणाला, पोरं आईकडे जातात, आईला तिकडे बसवा की. सगळ्या प्रकरणातला सगळ्यात स्वस्त उपाय आणि सगळ्यात जास्त चाललेला. उलट्या दिशेने जाणारी मुलं त्या आठवड्यातच जवळजवळ दिसेनाशी झाली. उजवीकडे सावली नव्हती म्हणून नंतर हिरवी जाळी बांधावी लागली, तो भाग वेगळा.

ओरडण्यावर बंदी. यावर क्लबमध्ये खूप वाद झाला, कारण रेसमध्ये आवाज देणं हा चांगुलपणाच समजला जातो. पण नवख्याला "ट्रॅक" किंवा "इनसाइड" म्हणजे काय कळत नाही, तो दचकतो आणि वळतो, त्या मुलीचं तेच झालं. मागून येणाऱ्याने वाट काढायची, पुढच्याने काही करायचं नाही, सरळ चालत राहायचं. स्कीइंगमध्ये हा आंतरराष्ट्रीय संघटनेचा लेखी नियमच आहे, मागून येणाऱ्याने पुढच्याला धोका होणार नाही असा मार्ग निवडायचा. मोठ्या मुलांना हे अन्यायाचं वाटलं, "चूक त्यांची आणि सांभाळायचं आम्ही?" कोच सरांनी त्यांना एवढंच सांगितलं, ज्याला वळता येतं तोच वळणार, ज्याला येत नाही त्याच्याकडून काय अपेक्षा करणार.

शिट्टी कोणाच्या हातात, हा पुढचा वाद. सरांनीच धरावी असं बऱ्याच जणांचं म्हणणं, फुकटात काम होतं. पण क्लबच्या माणसाने बाहेरच्या पोराला बाहेर काढलं की परत तेच, तुमच्या बापाची रिंक का. म्हणून एक निवृत्त पीटी सर शोधले, अर्धं मानधन क्लबचं, अर्धं स्केट्सवाल्या काकांचं. अधिकार साधा: धोका वाटला की शिट्टी, ऐकलं नाही तर त्या संध्याकाळपुरतं बाहेर, मग तो क्लबचा असो की नगरसेवकाचा भाचा. पहिल्या आठवड्यात त्यांनी क्लबच्याच एका मुलाला बाहेर बसवलं आणि त्या दिवसानंतर बाकीच्या पालकांचा सूर बदलला.

आणि झाडू. हे मला सगळ्यात आवडलेलं. ताईने सांगितलं की बर्फावर दर तासा-दीड तासाने मशीन फिरवून बर्फ सारखा करतात. हे मशीन कॅलिफोर्नियात फ्रँक झांबोनी नावाच्या माणसाने 1949 मध्ये काढलं, अजून त्याच्याच नावाने ओळखतात, आणि ते फिरताना सगळ्यांना बाहेर यावंच लागतं. त्या दहा-पंधरा मिनिटांत दमलेले पाणी पितात, नाड्या परत आवळतात, गट बदलतो, डोकी थंड होतात. चाकांच्या रिंकवर असा थांबाच नाही, लोक तासन्‌तास तसेच फिरत राहतात आणि दमलेला नवखा सगळ्यात जास्त पडतो. मग आम्ही दर पाऊण तासाने शिट्टी, सगळे बाहेर, आणि दोघं जण रुंद झाडूने लाल धूळ, पाचोळा, चण्याची सालं काढणार असं सुरू केलं. धुळीचा थर गुळगुळीत काँक्रीटवर आला की चाक वळणावर धरत नाही आणि बारीक खडा तर चाक जागीच अडवतो, त्यामुळे झाडू तसाही लागतोच. पण खरा फायदा थांबण्याचा.

पाटी लागली, मराठी, कोकणी आणि इंग्रजीत. वाचताना मी कोणाला बघितलं नाही. ते काम केलं स्केट्सवाल्या काकांनी. प्रत्येक नवखा त्यांच्यासमोर पाय पुढे करून बसतोच, पट्टे आवळता आवळता ते सांगायचे, मधला भाग डाव्या हाताला, तोल गेला तर गुडघे वाकवून खाली बस, उभं राहून हात पंख्यासारखे फिरवू नकोस. आणि पहिली दहा मिनिटं रिंकवर सोडायचंच नाही, बागेच्या हिरवळीवर. गवतात चाकं फिरत नाहीत, त्यामुळे उभं राहणं, पडणं, एक गुडघा टेकून उठणं, पडल्यावर बोटं मुठीत घेणं म्हणजे कोणाची चाकं वरून जायला नकोत, हे सगळं तिथे होतं. काका आधी म्हणाले होते अर्ध्या तासातली दहा मिनिटं गेली तर गिऱ्हाईक भांडेल. मग त्यांनी ती दहा मिनिटं भाड्यात धरलीच नाहीत.

पुढे काय झालं

मे संपेपर्यंत दवाखान्यात न्यावं लागेल अशी धडक झाली नाही. पडणं चालूच, ते बंद होणारही नाही. क्लबची दोन मोठी मुलं सोडून गेली, त्यांच्या पालकांना संध्याकाळचा सव्वा तास पुरेसा वाटला नाही, त्यांचं म्हणणं पण खोटं नाही. उरलेल्यांपैकी दोघी सातच्या नंतर मधल्या गोलात बाहेरच्या लहान मुलांना शिकवायला लागल्या, कोणी सांगितलं नव्हतं.

धडक झालेला मुलगा पाऊस संपल्यावर परत आला. आता तो रेसला बरा आहे, पण सगळ्यांच्या वेळेत तो अजूनही रिंकवर उतरत नाही.

डिसेंबरात मात्र घडी विस्कटली. मांडणी सगळी मे महिन्याच्या उजेडावर बेतलेली होती. मे महिन्यात सातपर्यंत दिसतं, डिसेंबरात सव्वासहालाच अंधार, आणि दोन दिव्यांपैकी एक बंद, नेमका वळणावरचा. नाताळच्या सुट्टीत बाहेरगावचे लोक, पीटी सर घरच्या लग्नात, शिट्टी कोणाकडेच नाही. दोन मोठी माणसं एकमेकांवर आदळली, मुका मारच बसला, पण ग्रुपवर परत तेच सुरू. दिवा लागायला जानेवारी उजाडला.

वेगळं काय करता आलं असतं

पहिला अर्धा तास. चावी आणि पेटी फाटकाशी, वॉचमनकडे. मोडल्यासारखा वाटणारा हात स्कूटरवर लोंबकळत न्यायचा नाही, जाड पुठ्ठा किंवा घडी केलेलं वर्तमानपत्र लावून ओढणीने गळ्यात अडकवायचा, आणि गाडी नसेल तर 108 ला फोन. हे आता कपाटावर चिकटवलंय आणि चावी वॉचमनकडे आहे.

फोटो. चौदा वर्षांच्या मुलाचा फोटो शहराच्या ग्रुपवर रात्रभर राहिला. ॲडमिनला ओळखणारे निदान दहा जण आमच्यात होते. सगळे उत्तरं टाइप करत बसले, फोटो काढ म्हणून फोन कोणी केला नाही.

वॉचमन. हा माणूस रोज चार तास तिथे उभा असतो, पोरं कुठे पडतात, कुठून उलटी जातात, कुठल्या वेळेला दमतात, त्याला सगळं पाठ. घटनेच्या आधीही त्या डाव्या कोपऱ्यात दर आठवड्याला थोडक्यात वाचलेले प्रसंग होत होते, हे त्याने नंतर सांगितलं. आधी कोणी विचारलं असतं तर खडूची रेघ मारायची वेळच आली नसती.

परवानगीचं पत्र. नव्या पत्रात वेळा लिहिल्या आहेत, पण "सुट्टीच्या काळात बदल होऊ शकतो" असंही एक वाक्य आहे, आणि तो बदल कोण करणार हे लिहिलेलं नाही. वकील काका म्हणतात की पुढचं भांडण याच वाक्यावर होणार. मला पण तसंच वाटतं.

क्लबबद्दल एक. मोठ्या मुलांचा सराव कमी झाला ही तक्रार खरी असली तरी कोच सरांचं निरीक्षण वेगळं आहे. ते म्हणतात की गर्दीतून न ओरडता वाट काढायची सवय लागल्यावर मुलांची मान वर राहायला लागली, आधी सगळी स्वतःच्या पायांकडे बघून पळायची. रेसमध्ये घोळक्यातून पुढे यायला तेच लागतं. याचा निकालांवर किती परिणाम झाला ते सरांना विचारा, मी फक्त त्यांचं म्हणणं लिहिलं.

अजून लोंबकळलेला मुद्दा मनगटाच्या गार्डचा. त्या मुलीच्या हातात गार्ड असता तर हाड वाचायची शक्यता बरीच होती. भाड्याच्या प्रत्येक जोडीबरोबर गार्ड आणि हेल्मेट सक्तीचं करा असा ठराव क्लबने दिला. काकांचं म्हणणं, सामान मी घेतो, पण मग 50 चे 80 होतील, लोक घरून जुने स्केट्स आणतील आणि हिरवळीवरची दहा मिनिटं पण चुकवून थेट आत जातील. नगरसेवक म्हणाले अर्धा खर्च नगरपालिकेकडून बघू, क्लबच्या एका पालकाने जुने गार्ड गोळा करून द्यायचं म्हटलंय, त्यातले निम्मे लहान मापाचे निघाले. पुढची बैठक चवथ, म्हणजे गणेश चतुर्थी, झाल्यावर ठेवलीय, म्हणजे ऑक्टोबरात रिंक सुकायच्या आत काहीतरी ठरेल.